ट्री उलटा आला नाही म्हणून पोरगा बाद?

वाडीतला_कोडर (गुहागर): काल इथे एका साहेबांनी लिहिलं, ‘कोकणातल्या पोरांना मुलाखतीत साधा बायनरी ट्री उलटा करता येत नाही, आणि वर गावात बसून काम पाहिजे.’ (बायनरी ट्री म्हणजे डेटाची झाडासारखी रचना, दर फांदीला फार तर दोन फाटे; उलटा म्हणजे डावं-उजवं अदलाबदल.) रात्रभर डोक्यात घोळत होतं, म्हणून लिहितोच. नऊ वर्षं या धंद्यात आहे, ट्री एकदाही उलटा करावा लागला नाही. गेल्या महिन्यात काय केलं सांगू? रात्री बारा ते पहाटे साडेपाचच्या ऑर्डरी रिपोर्टात आदल्या दिवशी पडत होत्या. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आपण साडेपाच तास पुढे. दोन दिवस लॉग चाळले, दुरुस्ती एका ओळीची. हे कुठल्या फेरीत विचारता? मॅकवर सॉफ्टवेअर बसवायचं होमब्रू लिहिणाऱ्या मॅक्स हॉवेललाही 2015 मध्ये गूगलने नाकारलं, याच ट्रीवरून, तसं ट्वीटच केलं त्याने. तो काय गुहागरचा होता?

जुना_पुणेकर: तो साहेब मीच. हॉवेलचं ट्वीट सगळे नाचवतात, ते तितकंसं न्याय्य नव्हतं हे नंतर त्यानेच मान्य केलं, ते कोणी सांगत नाही. ट्री गेला खड्ड्यात. पण लूपच्या पोटात क्वेरी टाकणारा, म्हणजे दर ओळीमागे डेटाबेसला पुन्हा प्रश्न विचारणारा, मला नको. आमच्याकडे एकाने टाकली. टेस्टला दोनशे ओळी होत्या, पळालं. खऱ्या डेटात दोन लाख. रात्री दोनला फोन मला आला, तुम्हाला नाही.

आंबेवाली_ताई (देवगड): माझी चौथी फेरी. लिंक्ड लिस्टमध्ये, म्हणजे एकीतून पुढचीचा पत्ता मिळणाऱ्या नोंदींच्या साखळीत, चक्र आहे का ओळखा. एक पॉइंटर (नोंदीवर ठेवलेलं बोट म्हणा) एकेक पाऊल, दुसरा दोन-दोन, भेटले की चक्र... इथवर आले आणि लाईट गेली. फोन घेऊन गोठ्यामागच्या गडग्यावर चढले, रेंज तिथेच येते. छत्रीचा दांडा मानेत, हातात फोन, खाली म्हैस हंबरतेय. उत्तर पूर्ण दिलं. मेल आला, ‘कम्युनिकेशन सुधारा.’ कंपनीचं नाव घेत नाही.

रोखठोक: मग शहरात या ना! गावही पाहिजे, पगारही पाहिजे, शिवाय गणपतीला दहा दिवस सुट्टी. त्यातच सॉफ्टवेअरचा रिलीज असतो.

चाकरमानी: गणपतीवर बोलू नका. दहातले दोन दिवस रस्ताच खातो. 2011 पासून मुंबई-गोवा हायवे रुंद होतोय! गेल्या वर्षी माणगावात गाडी अडकली. मांडीवर लॅपटॉप, शेजारी मखराचा खोका. तीन पुल रिक्वेस्ट (सहकाऱ्यांनी मंजुरीला पाठवलेले कोडमधले बदल) तपासून झाल्या, गाडी तिथेच.

रोखठोक: रेल्वे आहे की, 1998 पासून.

चाकरमानी: साठ दिवस आधी, सकाळी आठच्या ठोक्याला गणपतीचं तिकीट काढून दाखवा. मग तुमचा ट्री मी उलटा करतो, सुलटा करतो, वर तोरण बांधतो.

रोखठोक: रडगाणं नेहमीचंच.

चाकरमानी: तुम्ही कधी कशेडी घाट चढलात का? नाही ना? मग गप्प बसा.

मालवणी_माणूस: मेल्यांनो, इंटरव्ह्यू खंय, हायवे खंय!

जुना_पुणेकर: ताई, म्हैस मला पटली. कोकणातली पोरं म्हणालो ते जास्तच झालं, घ्या, मागे घेतलं. आमच्याकडे एक जागा आहे, घरून काम चालेल. ट्री विचारणार नाही. लूप विचारणारच.

वाडीतला_कोडर: अरे वा, साहेबांना एका रात्रीत उपरती!

आंबेवाली_ताई: आधी पगार लिहा. मग गडग्यावर चढते.