अनुभव धागा: कुत्र्याच्या जेवणाची वेळ तुम्ही कशी वापरता?

बुंदी आमच्याकडे आली तेव्हा अडीच महिन्यांची होती. सोसायटीच्या पार्किंगमधली, देशी. दिवसातून चार वेळा भांडं भरायचं, तिने ते मिनिटभरात फस्त करायचं आणि लगेच पडद्याच्या दोऱ्यांकडे वळायचं. हाक मारली तर कानही हलायचा नाही. ओळखीच्या एका ट्रेनरताईंनी सांगितलं, तिचं दिवसभराचं खाणं सकाळीच मोजून डब्यात काढ आणि त्यातलं निम्मं तरी तुझ्या हातून जाऊ दे. वेगळा खाऊ आणू नको.

तेव्हापासून डबा ओट्यावर असतो. नाव घेतलं आणि तिने बघितलं, दाणा. पट्टा घालताना शांत राहिली, दाणा. खाली रिक्षा फटफटत गेली आणि भुंकण्याऐवजी ती माझ्याकडे वळली, तर तीन दाणे. आठ-दहा दिवसांत ती स्वयंपाकघराच्या दारात आपणहून येऊन बसायला लागली. नजर भांड्यावर नव्हती, माझ्यावर होती. त्या दिवशी मला खरं वाटलं, ही आता आपली झाली.

तुमच्याकडे काय घडतं ते लिहा. चुकलेलंही लिहा, नवीन लोकांना त्याचा जास्त उपयोग होतो.

रविवारसकाळ, ठाणे

चुकलेलं माझ्याकडे आहे. आमचा लॅब्राडोर लहान असताना एकाने सल्ला दिला होता, तो जेवत असताना भांड्यात हात घालत जा, मध्येच भांडं उचलत जा, म्हणजे मालक कोण ते त्याला कळेल. आम्ही ते मनापासून केलं. सहा-सात महिन्यांचा झाल्यावर मी जवळ गेले की तो खाता खाता ताठ व्हायचा, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसायचं, खाण्याचा वेग वाढायचा. मग गुरगुरायला लागला. गुरगुरला की आम्ही ओरडायचो. महिन्याभरात गुरगुरणं थांबलं, आम्हाला वाटलं सुधारला. आणि एका संध्याकाळी काहीही आवाज न करता तो माझा हात चावला.

जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली, त्याच दिवशी इंजेक्शन सुरू केली. घरचा, लस घेतलेला कुत्रा असला तरी डॉक्टरांना दाखवायचंच, हे सगळ्यांसाठी लिहून ठेवते. पण त्याचं गुरगुरणं आम्हीच बंद पाडलं होतं, ही गोष्ट मला जखमेपेक्षा जास्त लागली. तो सांगत होता आणि सांगितल्याबद्दल आम्ही त्याला रागावत होतो.

व्हेटने आधी दात आणि कान तपासले, कुठे दुखत असेल तरी कुत्रा असा वागतो. मग एका बिहेवियरिस्टच्या, म्हणजे कुत्र्यांच्या वागणुकीच्या जाणकाराच्या, सांगण्यावरून उलटा क्रम धरला. तो जेवत असताना आठ फुटांवरून जायचं, उकडलेल्या चिकनचा तुकडा भांड्याच्या दिशेने टाकायचा आणि न थांबता पुढे निघून जायचं. बस. चार-पाच दिवस त्याचं अंग सैल दिसलं की अर्धा फूट जवळ. ताठ झाला तर परत मागे. दीड महिन्यानंतर एकदा मी येताना बघून त्याने भांड्यातून डोकं वर काढलं आणि शेपूट हलवली. मी तिथेच रडले. आता काही काढून घ्यायचं असेल तर त्याहून चांगलं काही देऊनच घेतो. आणि तो जेवताना मुलीने त्याच्याजवळ जायचं नाही, हा नियम कायमचा.

माळावरचा, लातूरजवळ

आमच्या शेतावर कारवान जातीचा शिकारी कुत्रा आहे. पळायला लागला की दोन बांध ओलांडून दिसेनासा होतो. त्याला दोन्ही वेळची भाकरी शिट्टीवर मिळते. आधी शिट्टी, मग भाकरीच्या फडक्याला हात. सुरुवातीला माझा क्रम उलटा होता, भाकरी दिसायची आणि मग शिट्टी वाजायची, तेव्हा त्याच्या लेखी शिट्टीला काही अर्थच नव्हता. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांना १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी, पण त्याच कामात त्यांच्या लक्षात आलं होतं की अन्न तोंडाला लागायच्या आधीच, त्याच्या नुसत्या चाहुलीनेही कुत्र्याला लाळ सुटते. शिट्टी आधी यायला हवी ती याचसाठी.

गेल्या पावसाळ्यात तो सशामागे थेट डांबरी रस्त्याकडे सुटला. समोरून उसाचा ट्रॅक्टर. शिट्टी वाजवली आणि त्याने पळता पळता गिरकी घेतली. त्या वेळी खिशात काही नव्हतं. घरी आणून दोन अंडी घातली.

ओट्याशेजारी, कोल्हापूर

आमचा प्रश्न कुत्रा नव्हता, प्रेम होतं. सासूबाई जेवताना ताटातलं घास घास त्याला द्यायच्या. तो टेबलाशी ओरडायचा आणि ओरडला की मिळायचं. त्यात रश्श्यातला कांदा-लसूण, जो कुत्र्यांच्या रक्ताला घातक असतो. सासूबाईंना देऊ नका म्हणणं माझ्या जिवावर आलं होतं. मग त्यांनाच म्हटलं, आई, याला शिकवायचं काम तुम्ही घ्या. दाराजवळ जुनी सतरंजी घातली. त्यांच्या वाटीत गाजराचे तुकडे आणि उकडलेला भोपळा. तो सतरंजीवर शांत बसला की त्या उठून तिथे जाऊन देतात, टेबलाशी आला तर काहीच नाही. पहिले चार दिवस तो आधीपेक्षा जास्त ओरडला, तिथे सगळ्यांनी दम धरावा लागतो. आता त्यांनी सतरंजी उचलली की तो त्यांच्या मागे मागे जातो.

नवीन_पालक

आमची हातून दिलं तरच खाते, भांड्याला तोंड लावत नाही. बिघडवली का मी तिला?

(धागाकर्ती) नाही हो. आधी हात भांड्यात ठेवून हातातूनच खाऊ घाला, मग हात भांड्याच्या काठावर, मग बाजूला. आणि दाण्यांचा हिशेब त्या दिवसाच्या डब्यातूनच. वरचा खाऊ दिवसाच्या एक दशांशाच्या पुढे जाऊ देऊ नका, देशी कुत्रीसुद्धा फ्लॅटमध्ये पटकन जाड होतात. अचानक खाणंच सोडलं तर मात्र व्हेट.

बर्फातून, टोरांटो

जानेवारीत उणे वीसमध्ये फिरणं दहा मिनिटांत संपतं. संध्याकाळचं खाणं जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून देते. वीस मिनिटं नाकाने उलगडत बसतो आणि मग गाढ झोपतो.

उंबरठा, नाशिक

माझी कुत्री पाच वर्षांची असताना आली, आधी कुणीतरी साखळीला बांधून मारलेली. हात वर झाला की ती फरशीला चिकटायची. शिकवणं वगैरे डोक्यातच नव्हतं. मी रोज रात्री साडेआठला तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचे आणि दही-भाताची ताटली माझ्या मागे ठेवायचे. बघायचं नाही, बोलायचं नाही. पहिला आठवडा मी उठून गेल्यावरच ती खायची. मग मी बसलेली असताना, मान लांब करून, मागचे पाय पळायच्या तयारीत ठेवून. पुढे ताटली मांडीशेजारी आली. तेविसाव्या दिवशी मी तळहातावर भात घेऊन हात जमिनीला टेकवला. बराच वेळ काही झालं नाही. मग बोटांना गरम श्वास लागला, आणि जीभ.

अजूनही साडेआठ वाजले की ती माझ्या पाठीला पाठ लावून बसते.