विनिमय योजनेतील विद्यार्थ्यांना प्राथमिक वर्गात संगीत शिकवण्यासाठी तयार करताना आरंभ कोठून करावा?

प्रश्न : सरावपाठ

मी अध्यापक-प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमात संगीत-अध्यापन हा विषय शिकवतो. यंदा विनिमय योजनेतून एका सत्रासाठी अकरा विद्यार्थी माझ्याकडे आले आहेत. त्यांपैकी चौघांचा वाद्यावरचा हात चांगला तयार आहे, बाकीच्यांनी समूहगानापलीकडे फारसे काही केलेले नाही, आणि ज्या शाळांत त्यांना सरावपाठ घ्यायचे आहेत तेथील मुलांची भाषा सर्वांनाच मोडकीतोडकी येते. पहिले तीन आठवडे मी त्यांना डालक्रोझ, ऑर्फ आणि कोडाय या संगीतशिक्षणतज्ज्ञांच्या पद्धतींची ओळख करून दिली. पाठटाचणेही नेटकी लिहून झाली. प्रत्यक्ष वर्गात मात्र एका विद्यार्थिनीची वीस मिनिटांपैकी चौदा मिनिटे ‘लय म्हणजे काय’ हे समजावण्यातच गेली. शब्द अडला की ती फोनमध्ये पाहत असे, आणि तेवढ्यात मागच्या रांगेतील मुलांनी बाकावर स्वतःचाच ठेका धरला. (ठेका वाईट नव्हता, हेही नमूद करायला हवे.) आता दहा आठवडे उरले आहेत. आधी भाषेची तयारी करून घ्यावी की संगीताची?

उत्तर १ : पांढरी दोन

मागच्या रांगेतील मुलांनी आपल्या प्रश्नाचे उत्तर देऊन टाकले आहे, असे मला वाटते. त्यांना लय समजावण्याची गरज नव्हती, ती कोणीतरी वापरायला हवी होती.

आपल्या गटाचे एक बलस्थान बहुधा आपल्या लक्षात आलेले नाही. हे अकराजण एकाच ठिकाणचे नसतील, तर प्रत्येकाला इतर दहाजणांना आपल्याकडचे एक बालगीत शिकवायला सांगा, आणि अट अशी घाला की गाण्याच्या शब्दांखेरीज एकही शब्द उच्चारायचा नाही. ज्यांना ते गाणे ठाऊक नाही आणि त्याची भाषाही कळत नाही, ते आपोआपच मुलांच्या जागी जाऊन बसतात. एरवी प्रशिक्षणार्थींना मुलांची भूमिका करायला लावले की ते उगाच दंगा करतात आणि त्यातून कोणी काही शिकत नाही. येथे त्यांना खरोखरच काही कळत नसते. आम्ही हा प्रयोग केला तेव्हा दोन दोष लगेच उघडे पडले. पहिला असा की बहुतेकजण समोरच्यांच्या बरोबरीने गात राहतात, त्यामुळे समोरचे काय गात आहेत हे त्यांना ऐकूच येत नाही. ओळ आपण गायची, हात समोर करून ती त्यांच्याकडे सोपवायची आणि मग तोंड मिटून ऐकायचे, एवढी सवय लागायला आम्हाला दोन आठवडे लागले.

दुसरा दोष पट्टीचा. शिकवणारा आपल्या गळ्याला सोयीची पट्टी धरतो आणि मुलांचे आवाज खाली घरघरत राहतात. लहान मुलांसाठी पेटीच्या मधल्या सप्तकातील पांढरी दोन ते पांढरी सहा हा टापू बराचसा सुरक्षित असतो. गाणे त्यात बसवावे आणि सुरुवातीचा सूर दरवेळी वाद्यावर तपासून घ्यावा. पुरुष विद्यार्थी मुलांपेक्षा एक सप्तक खाली गातात, तेव्हा काही मुले त्या खर्जाची नक्कल करू लागतात. अशा वेळी नमुना म्हणून एखाद्या मुलीला किंवा सहकारी विद्यार्थिनीला ओळ म्हणायला सांगावे.

उत्तर २ : फळा आणि खडू

वरील मुद्दे संगीतापुरते मला मान्य आहेत, परंतु भाषेला इतके बाजूला सारणे पटत नाही. तीस मुलांच्या हातात वाजवण्याच्या काठ्या दिल्यावर ‘खाली ठेवा’ हे हातवाऱ्यांनी सांगता येईलच याचा भरवसा नसतो, आणि एखादे मूल रडत जवळ आले तर त्याला खुणा करत बसणे बरे दिसत नाही. वीसेक वाक्ये तोंडपाठ करून घ्यावीत : ऐका, थांबा, आता तुम्ही, पुन्हा एकदा, तुला काही लागले का. ती मार्गदर्शक शिक्षकाच्या तोंडून ध्वनिमुद्रित करून घ्यावीत, कारण मुले शब्दांइतकीच त्यांची ठेवण ओळखतात. पहिल्या काही पाठांत त्या शिक्षकाने वर्गाबाहेर जाऊ नये, हेही आधीच ठरवून घ्यावे.

प्रश्नकर्ता : सरावपाठ

दोघांचेही आभार. मूक पाठ याच आठवड्यात घेतो. एक अडचण मात्र राहिली आहे. हातखुणांनी सूर दाखवताना ‘दो’ (पाश्चात्त्य सरगमेतील पहिला सूर) नेमका कोणता यावरून माझ्या विद्यार्थ्यांत वाद होतात आणि दोन्ही पक्षांना आपलेच बरोबर वाटते.

उत्तर ३ : मंद्र

दोन्ही पक्ष आपापल्या परीने बरोबरच आहेत. फ्रान्स, इटली आणि स्पेनमध्ये ‘दो’ हे एका ठरलेल्या सुराचे, म्हणजे आपल्या पांढरी एकचे, नाव आहे. कोडाय पद्धतीतील ‘दो’ मात्र आपल्या षड्जासारखा कोणत्याही पट्टीत सरकतो. तो सरकता ‘दो’ एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सारा ग्लोव्हर आणि जॉन कर्वेन यांनी रुजवला. हातखुणाही कर्वेन यांच्याच, कोडाय यांच्या हंगेरीतील परंपरेने त्या नंतर स्वीकारल्या. जर्मनीत शिकलेला विद्यार्थी असेल तर आणखी एक घोळ होतो : तेथे ‘बी’ म्हणजे काळी पाच आणि पांढरी सातला ‘एच’ म्हणतात. एकाने ‘बी’ म्हणावे आणि दुसऱ्याने भलताच सूर लावावा, हे मी पाहिले आहे.

यावर चर्चा करून एकमत होणार नाही. शाळेत जी नावे रूढ आहेत तीच मुलांसमोर वापरायची, असा नियम करून मोकळे व्हावे.

याच कारणाने शाळेच्या कपाटातील रेकॉर्डरही (बासरीसारखी फुंकवाद्ये) पाठटाचण लिहिण्याआधी पाहून घ्यावेत. त्यांत बरोक आणि जर्मन असे दोन प्रकार असतात आणि काही सुरांना बोटे निराळी पडतात. दोन्ही प्रकार एकाच वर्गात निघाले, तर ‘एफ’ (पांढरी चार) शिकवण्याच्या दिवशी अर्धा वर्ग बेसूर वाजेल आणि आपल्या विद्यार्थ्याला वाटेल की चूक मुलांची आहे.