घरी जर्मन जोडपं भाड्यानं राहाले आलं, काय काय पाहा लागते?

सेलूजवळच्या आमच्या गावात वरची खोली एका जर्मन जोडप्याले वर्षभरासाठी दिली, दोघंही लय चांगले, बाई तं रोज आईजवळ बसून ज्वारीची भाकर थापाले शिकून राहिली, पण मे महिन्यात त्यायचं कसं होईन हीच मले काळजी आहे. अन् कागदपत्रं काय लागतात?

उत्तर:
भाऊ, पहिले कागद पाहा. परदेशी पाहुणा राहाले आला का घरमालकाले २४ तासांत ऑनलाइन माहिती भरा लागते. व्हिसा १८० दिवसांहून जास्तीचा असन तं बहुतेकदा आल्यापासून १४ दिवसांत त्यायची नोंदणीही लागते. राहिली असन तं आजच करा.

उत्तर:
कूलरले वाळ्याचे तट्टे लावा. दुपारी ११ ते ५ बाहेर पाठवू नका, डोक्याले दुपट्टा, कैरीचं पन्हं रोज. आमच्याकडे एक पाहुणा पहिल्याच उन्हाळ्यात ऊन लागून पडला होता, तवापासून मी हे सगळ्याइले सांगतो. अन् सावजी एवढ्यात नको, वरण-भात, आंबाडीची भाजी चालते.

उत्तर:
सेवाग्रामले नेजा एकदा. गांधीजी १९३६ मधी तिथं राहाले आले, अन् इंग्लंडच्या मीराबेन तं त्यायच्याही आधी त्या गावात राहून काम करत होत्या. ताईले हे ऐकून बरं वाटन.

प्रश्नकर्ता:
नोंदणी राहिलीच होती भाऊ, उद्या सकाळीच दोघाइले घेऊन वर्ध्याले जातो.