एका औषधाने सगळे जंत जात नाहीत
कुत्र्याच्या पिल्लाच्या विष्ठेत गोलकृमी निघाले, पायरँटेल हे जंतांचं औषध दिलं, आता घरच्यांना धोका नाही, असं कुणी म्हणेल. इथे थोडं थांबा. गोलकृमी आणि अंकुशकृमी एकत्र असणं अगदी नेहमीचं. दोन्ही पिल्लाला आईकडूनच मिळू शकतात. पायरँटेल या दोघांवर चालतं, पट्टकृमींवर (फितीसारख्या चपट्या जंतांवर) नाही. त्यांना प्राझिक्वांटेल लागतं. शिवाय नेहमी आढळणाऱ्या पट्टकृमीची अळी पिसवेत वाढते, त्यामुळे पिसवा राहिल्या की तो परत येतोच.

माणसात शिरायची प्रत्येकाची वाट वेगळी. अंकुशकृमीची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून शिरते. गोलकृमीची अंडी मातीत साधारण २ ते ४ आठवडे राहिल्यावर बाधक होतात (संसर्ग करू शकतात), म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचलणं इतकं मोलाचं. मुलांच्या तोंडावाटे ती पोटात गेली तर अळ्या यकृतात, क्वचित डोळ्यातही पोहोचतात. मला सर्वांत जास्त भीती वाटते ती एकायनोकॉकसची, म्हणजे कुत्र्यातल्याच एका छोट्या पट्टकृमीची. त्याची अंडी बाहेर पडतानाच बाधक असतात, आणि माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात होणारी पाण्याची गाठ वर्षानुवर्षं कळत नाही. कुत्र्याला तो जनावरांचं कच्चं काळीज-फुप्फुस खाऊन होतो; तुमचा कुत्रा ते खात असेल, तर पशुवैद्यांना आधी सांगा.