जुन्या गाडीला दुसरा स्टार्टर निवडताना : आपले अनुभव लिहा

गाडी जुनी झाली की तिच्या स्टार्टरचा (इंजिन सुरू करण्यासाठी ते फिरवणाऱ्या मोटरचा) मूळ भाग मिळणे अवघड होते आणि “याच्याऐवजी हा चालतो” असे सांगून हातात दिलेला स्टार्टर खरोखर चालेलच याची खात्री नसते. आपण पर्यायी स्टार्टर निवडताना काय तपासले, काय तपासायचे राहून गेले आणि त्यातून काय निष्पन्न झाले, हे कृपया सविस्तर लिहावे. सुरुवात माझ्या फजितीपासून करतो.

माझ्या गाडीत फोर्डचे आठ सिलिंडरचे ३०२ घनइंची इंजिन आहे. मी गाडीचे मॉडेल आणि वर्ष सांगून स्टार्टर मागवला, बोल्ट बिनतक्रार बसले, तारा जोडल्या आणि किल्ली फिरवताच दाते दात्यांवर खरडल्याचा असा आवाज आला की मी हात चटका बसल्यासारखा मागे घेतला. दोन्ही स्टार्टर शेजारी ठेवून मोजल्यावर उलगडा झाला. या इंजिनासाठी निरनिराळ्या गिअरबॉक्सनुसार वेगवेगळे स्टार्टर येत असत आणि बसवण्याच्या पृष्ठभागापासून पिनियनपर्यंतचे (स्टार्टरच्या छोट्या दातेरी चाकापर्यंतचे) अंतर एकात ३/८ इंच, तर दुसऱ्यात ३/४ इंच असे. शिवाय पिनियन ज्याला फिरवते ते इंजिनाचे मोठे दातेरी चाक, म्हणजे फ्लायव्हीलही १५७ आणि १६४ दात्यांचे, असे दोन प्रकारचे असते. माझ्या गाडीचा गिअरबॉक्स आधीच्या मालकाने केव्हातरी बदलला होता आणि कागदपत्रांत त्याचा उल्लेख नव्हता. मी कागदावरच्या गाडीसाठी स्टार्टर मागवला होता. समोर उभी होती ती वेगळीच गाडी होती.

*

आपल्यासारखाच प्रकार माझ्या फोक्सवॅगन बीटलच्या बाबतीत झाला, फक्त तिथे मुद्दा व्होल्टचा होता. पूर्वीच्या ६ व्होल्टच्या बीटलच्या फ्लायव्हीलला १०९ दाते असतात आणि नंतरच्या १२ व्होल्टच्या गाडीला १३०. माझ्या गाडीत बॅटरी, दिवे आणि डायनामो १२ व्होल्टचे बसवलेले पाहून मी स्टार्टरही १२ व्होल्टचा आणला. परंतु फ्लायव्हील जुनेच, १०९ दात्यांचे होते, त्यामुळे पिनियनचे दाते त्यात मिसळणे शक्यच नव्हते. त्यात आणखी एक गोष्ट अशी की, या गाडीत स्टार्टरच्या शाफ्टचे पुढचे टोक गिअरबॉक्सच्या कवचात बसवलेल्या बुशमध्ये (शाफ्टला आधार देणाऱ्या धातूच्या नळीत) फिरते आणि दोन्ही प्रकारांत त्या टोकाची जाडी वेगळी असते. म्हणजे फ्लायव्हील जुळले असते तरी बुशपाशी गाडे पुन्हा अडलेच असते. शेवटी मी जुना ६ व्होल्टचाच स्टार्टर दुरुस्त करून १२ व्होल्टवर चालवतो आहे. तो जोरात आदळतो, म्हणून सेल्फ अगदी थोडा वेळ मारतो. ही पद्धत योग्य आहे, असा माझा दावा नाही.

*

माझा अनुभव छोटा आहे. मी निकामी झालेला स्टार्टर टेबलावर ठेवून पिनियनचे दाते मोजले, पिनियनचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजला, पिनियनच्या बाजूने पाहिल्यास तो कोणत्या दिशेने फिरतो ते पाहिले, बोल्टच्या छिद्रांमधील अंतर आणि नाकाभोवतीच्या गोल खांद्याचा व्यास लिहून घेतला, मगच बाहेर पडलो. दाखवलेल्या तीन स्टार्टरपैकी दोन दिसायला अगदी सारखे होते. पण एकाच्या पिनियनला ९ दाते होते आणि दुसऱ्याच्या १०. कवचावर कोरलेला क्रमांक गंजाखाली वाचता येत असेल, तर तो गाडीच्या वर्षापेक्षा अधिक विश्वासार्ह असतो, मात्र तो स्टार्टर मुळातला आहे का, की मध्येच कुणी बदललेला आहे, हे आधी ठरवावे लागते.

*

माझी गाडी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीची ब्रिटिश बनावटीची आहे आणि तिच्या बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली आहे, म्हणजे आजच्या गाड्यांच्या नेमके उलट. मूळचा स्टार्टर बेंडिक्स पद्धतीचा होता. मोटर फिरू लागली की जडत्वामुळे पिनियन शाफ्टवरच्या आट्यांवरून सरकून रिंग गिअरमध्ये, म्हणजे फ्लायव्हीलभोवतीच्या दातेरी कड्यात, शिरते. त्याऐवजी मी हलका, आत गिअर असलेला नव्या पद्धतीचा स्टार्टर घेतला. माझ्या रिंग गिअरसाठीच बनवलेला असल्याने दाते, छिद्रे, अंतर हे सारे जुळत होते. किल्ली फिरवल्यावर सोलेनॉइडने (विद्युतचुंबकाच्या खटक्याने) पिनियन व्यवस्थित पुढे ढकलले, मोटर घरघरली आणि इंजिन मात्र जागचे हलले नाही.

कारण समजायला मला दोन दिवस लागले. जुन्या स्टार्टरमध्ये चुंबकीय क्षेत्रही वाइंडिंगनेच (तारेच्या वेटोळ्यांनीच) तयार होते आणि ते वाइंडिंग आर्मेचरशी (मोटरच्या फिरणाऱ्या भागाशी) एकसर जोडलेले असते, त्यामुळे धन-ऋण उलट केले तरी दोन्हींतला प्रवाह एकदमच उलटतो आणि मोटर त्याच दिशेने फिरत राहते. नव्या स्टार्टरमध्ये कायमचे चुंबक असतात. तिथे प्रवाह उलटला की मोटरच उलटी फिरते. पिनियनमागचा एकदिशा क्लच उलट्या दिशेने मोकळा सुटतो, म्हणून आवाज येतो, पण जोर पोचत नाही. सोलेनॉइडला दिशेशी कर्तव्य नसल्याने त्याने आपले काम चोख केले आणि मी दोन दिवस क्लचवरच संशय घेत बसलो. यावर एक उपाय म्हणजे संपूर्ण गाडी ऋण-अर्थिंगची करणे : बॅटरीची जोडणी उलटी करायची, डायनामोला नव्याने ध्रुवता द्यायची, अ‍ॅमीटर आणि इग्निशन कॉइलच्या तारा बदलायच्या. दुसरा उपाय वाइंडिंगवाला स्टार्टर शोधण्याचा. मी पहिला उपाय केला.

जाता जाता एक सूचना. अडकलेल्या स्टार्टरवर हातोडीने टकटक करण्याची आपली जुनी सवय या नव्या स्टार्टरवर चालवू नये, कारण आतले चुंबक ठिसूळ असतात आणि तडकतात.

*

शेव्हरोलेच्या लहान ब्लॉकच्या आठ सिलिंडर इंजिनाबद्दल : फ्लायव्हील १५३ दात्यांचे असेल तर स्टार्टरचे दोन्ही बोल्ट सरळ रेषेत असतात आणि १६८ दात्यांचे असेल तर तिरके, म्हणजे एक पुढे आणि एक मागे. हे मला आधीपासून माहीत होते, त्यामुळे स्टार्टर बरोबर मिळाला. तरीही सेल्फ मारताना बारीक किंचाळल्यासारखा आवाज येत असे. पिनियन आणि फ्लायव्हीलच्या दात्यांमधले अंतर जास्त असेल, तर हा आवाज इंजिन फिरवताना येतो आणि ते कमी असेल, तर इंजिन सुरू होऊन पिनियन मागे येताना येतो. हे अंतर साधारण ०.०२० ते ०.०३५ इंच असावे लागते आणि जाडसर वायरच्या पेपरक्लिपने ते अजमावता येते. स्टार्टर आणि ब्लॉकच्या मधली एक शिम (पातळ पत्र्याची पट्टी) काढून अंतर कमी केल्यावर आवाज गेला. बोल्टही साधे नव्हेत, तर मानेवर बारीक खाचा असलेले, त्या स्टार्टरचेच वापरावेत. साध्या बोल्टांवर स्टार्टर किंचित सरकतो आणि जमवलेले अंतर बिघडते.

*

यांत्रिक बाजूवर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी केवळ तारांविषयी लिहितो. माझ्या गाडीचा रिले (स्टार्टरला वीज देणारा विद्युत-स्विच) बॅटरीजवळ, बॉडीवर होता आणि तेथून एकच जाड केबल स्टार्टरकडे जात असे. नव्या स्टार्टरवर स्वतःचा सोलेनॉइड होता. मेकॅनिकने काम सोपे व्हावे म्हणून जाड केबल आणि सोलेनॉइडची बारीक तार स्टार्टरवरच एकत्र जोडली. इंजिन सुरू होई, पण किल्ली सोडल्यावरही पिनियन क्षणभर अडकून राही आणि करकर आवाज करी. कायम चुंबकाची मोटर वेगात फिरत असताना जनित्रासारखी वीज निर्माण करते आणि ती त्या जोडतारेतून परत सोलेनॉइडला जाऊन त्याला खेचून धरते. बॅटरीची जाड केबल थेट सोलेनॉइडला देऊन, बॉडीवरच्या रिलेतून फक्त बारीक तार आणल्यावर प्रश्न मिटला.

याच गाडीला दुसरीही खोड होती : सेल्फ मारत राहिले की इंजिन पेट घेत नसे, किल्ली सोडताच एखादेवेळी सुरू होई. बॉडीवरच्या जुन्या रिलेवर एक जादा टर्मिनल होते, ज्यातून सेल्फ मारताना बॅलास्ट रेझिस्टर (एरवी कॉइलचे व्होल्टेज कमी ठेवणारा रोधक) टाळून इग्निशन कॉइलला पूर्ण व्होल्टेज मिळे. त्याच्या जागी आलेल्या नव्या रिलेवर ते टर्मिनलच नव्हते. वेगळा रिले लावून ती तार पुन्हा चालू केली.

*

कदाचित विषयाला सोडून वाटेल, परंतु मी एका वर्षात दोन स्टार्टर बदलले आणि दोष त्यांचा नव्हता. सेल्फ मारताना बॅटरीच्या खांबांवर १०.६ व्होल्ट आणि स्टार्टरवर जेमतेम ९ व्होल्ट दिसत होते. मीटरचे एक टोक इंजिन ब्लॉकवर आणि दुसरे बॅटरीच्या ऋण खांबावर ठेवून सेल्फ मारला, तर तिथेच १.४ व्होल्ट गळत होते. ते अर्ध्या व्होल्टच्या आत हवेत. इंजिनाची अर्थिंग पट्टी रंगावरच आवळलेली होती. जागा घासून ती पुन्हा बसवली आणि माळ्यावर टाकलेला पहिला स्टार्टर परत लावला. तोच आजही आहे.

*

वरील सर्व अनुभव वाचून मी नवीन स्टार्टर घेण्याचा विचार सोडला आणि जुनाच उघडायला दिला. किल्ली फिरवल्यावर नुसता “टक्” आवाज येत असे, त्याचे कारण सोलेनॉइडमधील तांब्याचे संपर्क एका बाजूने झिजलेले निघाले. ते बदलले, कार्बन ब्रश नवे घातले, कॉम्युटेटर (ब्रश ज्यावर टेकतात तो तांब्याचा गोल भाग) लेथवर हलकेच साफ केला. पुढच्या बुशला इतकी झीज होती की आर्मेचर चुंबकांच्या पट्ट्यांना घासल्याच्या खुणा दिसत होत्या. नवीन बुश सच्छिद्र ब्राँझचे असल्याने ते बसवण्यापूर्वी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजवून ठेवावे लागले, म्हणून गाडी एक दिवस उशिरा मिळाली.