क्लर्क की क्लार्क?

दांडियाबाजारकर:
आपल्याकडे वडोदऱ्यात कारकून म्हणजेच क्लार्क. पण हा इंग्रजी शब्द मुळात पाद्र्यासाठी होता म्हणे? मग तो फायलींपाशी कसा आला?

रावपुरेकर:
ग्रीक 'क्लेरोस' म्हणजे सोडतीची चिठ्ठी, वाटा. त्यावरून लॅटिन 'क्लेरिकस', धर्मसेवक, 'क्लर्जी' म्हणजे पाद्रीवर्ग, हा शब्दही त्यातलाच. मध्ययुगात लिहिता-वाचता येई ते बहुधा यांनाच, म्हणून क्लर्क म्हणजे शिकलेला माणूस, पुढे नोंदी ठेवणारा. मध्ययुगीन इंग्रज कवी चॉसरचा ऑक्सफर्डचा क्लर्क तर विद्यार्थीच आहे! गंमत म्हणजे काही गुन्ह्यांत आरोपीने बायबलमधल्या ५१व्या स्तोत्राची ओळ वाचून दाखवली की त्याला धर्मसेवक धरून फाशी टळे. मग काय, निरक्षर लोक ती ओळ घोकून येत. इंग्लंडात ही सवलत १८२७मध्ये रद्द झाली.

मांडवीवाला:
उच्चाराचं राहिलं. मध्ययुगाच्या अखेरीस अशा शब्दांत 'एर'चा 'आर' झाला, स्पेलिंग मात्र जुनंच. म्हणून ब्रिटिश 'क्लार्क', आणि आडनावही. अमेरिकन लोक स्पेलिंगप्रमाणे 'क्लर्क' म्हणतात. तिकडे दुकानातला विक्रेताही क्लर्कच. आणि हो, 'कारकुना'शी याचं नातं जोडू नका, कितीही सारखं वाटलं तरी. तो फारसी: कार म्हणजे काम, कुन म्हणजे करणारा.