एकही विजेतेपद नाही, तरी मार्क मार्टिनला थोर म्हणायचं का?

घाटवळण

नोव्हेंबर 2025. फिनिक्सला नॅसकार या अमेरिकी मोटारशर्यत मालिकेच्या मोसमाची शेवटची शर्यत. अंतिम टप्प्यात उरलेल्या चौघांत जो पुढे, तो वर्षाचा विजेता. डेनी हॅमलिन 208 फेऱ्या आघाडीवर होता. तीन फेऱ्या उरल्या असताना एका गाडीचा टायर गेला, पिवळा झेंडा (धोक्याचा इशारा) पडला आणि सगळे टायर बदलायला पिटमध्ये शिरले. हॅमलिनने चारही टायर बदलले, काइल लार्सनने वेळ वाचवायला दोनच. लार्सन पुढे निघाला आणि दिवसभरात एकही फेरी आघाडीवर न राहता वर्षाचा विजेता झाला! हॅमलिनच्या खात्यात तेव्हा 60 शर्यतींचे विजय जमा होते, वर्षाचं विजेतेपद मात्र एकही नाही.

तेव्हापासून मला मार्क मार्टिन आठवतोय. अर्कान्सासमधल्या बेट्सव्हिलचा माणूस. वरच्या पातळीवर 882 शर्यती, 40 विजय, 453 वेळा पहिल्या दहात. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा. आणि वर्षाअखेरीस दुसरा क्रमांक पाच वेळा: 1990, 1994, 1998, 2002, 2009.

त्यातलं 1990 तर चीड आणणारं आहे. फेब्रुवारीत रिचमंडला तो जिंकला. नंतरच्या तपासणीत कार्ब्युरेटरखालचा तुकडा, म्हणजे स्पेसर, जास्त उंच निघाला. गंमत अशी, की तोच तुकडा वेल्डिंग करून बसवला असता तर चालला असता. मार्टिनच्या संघाने बोल्टने बसवला होता. विजय कायम ठेवला, पण 46 गुण कापले. वर्ष संपलं तेव्हा डेल अर्नहार्ट पुढे होता 26 गुणांनी.

माझं म्हणणं एवढंच, की विजेतेपद हा शेवटी गुणांच्या कोष्टकाचा हिशेब आहे, आणि ते कोष्टक दर काही वर्षांनी बदलतं. कारकीर्द त्यावर तोलू नये. मार्टिन हा अनेक विजेत्यांपेक्षा मोठा ड्रायव्हर होता.

कारबुरा

असहमत. 46 गुणांची ही कहाणी नेहमी अर्धीच सांगितली जाते.

शेवटून दुसरी शर्यत फिनिक्सलाच होती. तिथे येताना मार्टिन 45 गुणांनी पुढे होता, म्हणजे दंड भरूनसुद्धा पुढे. अर्नहार्ट ती शर्यत अक्षरशः एकहाती जिंकला, मार्टिन दहावा आला, आणि 45 ची आघाडी गेली ती गेलीच. वर 6 ची पिछाडी झाली. अटलांटाच्या शेवटच्या शर्यतीत मार्टिनच्या संघाने घरची गाडी बाजूला ठेवून रॉबर्ट येट्सच्या कारखान्यातली उसनी गाडी आणली. मार्टिन सहावा आला. अर्नहार्ट तिसरा.

आता सांगा, विजेतेपद फेब्रुवारीतल्या बोल्टने घालवलं की नोव्हेंबरातल्या दोन रविवारांनी? त्या वर्षी अर्नहार्ट 9 शर्यती जिंकला, मार्टिन 3. स्पेसर नसता तर तीन विजयांवाल्याने नऊवाल्याला हरवलं असतं आणि आज आपण उलटा धागा वाचत असतो.

घाटवळण

आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष नाही. दंड नसता तर अटलांटाला तो 40 गुणांनी पुढे राहून गेला असता. उसनी गाडी आणायची घालमेल झालीच नसती.

मधलीलेन

कोष्टक कसं होतं तेही लिहा ना कुणीतरी, नवीन वाचकांना कळणार नाही. बरं, मीच लिहिते. 1975 ते 2003 पहिल्याला 175 गुण आणि दुसऱ्याला 170. मग आधी पाच-पाचने, पुढे चार आणि तीनने उतरत जाणार. एक फेरी आघाडीवर राहिलात तर 5 वरकड, सर्वांत जास्त फेऱ्या आघाडीवर राहिलात तर आणखी 5. म्हणजे जिंकण्याला फारसं मोलच नाही! मोल आहे ते रोज शेवटपर्यंत गाडी आणण्याला. 2003 मध्ये मॅट केनसेथ वर्षभरात एकच शर्यत जिंकून विजेता झाला, आणि पुढच्याच वर्षी विजेता ठरवायला शेवटच्या दहा शर्यतींची 'चेस' आली.

आता यात मार्टिनची बाजू लंगडी पडते असं मला वाटतं. सातत्याला पैकीच्या पैकी देणारी पद्धत, आणि हा सातत्याचा पुतळा. उमेदीची वर्षं त्याच कोष्टकात गेली. तरी नाही जमलं. हॅमलिन निदान म्हणू शकतो की एका दिवसाच्या अंतिम शर्यतीने घात केला.

शिवाजीपार्कचाकट्टा

मोटारीतलं मला ओ की ठो कळत नाही, पण वाद ओळखीचा आहे. पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत 589 बळी घेतले, एकही कसोटी खेळले नाहीत. बेदींच्या काळात जन्मले हा काय गुन्हा? दादरमध्ये कुणी त्यांना कमी लेखून दाखवावं!

कारबुरा

शिवलकरांना दारातच आडवलं होतं हो. मार्टिन पाच वेळा घरात शिरून उंबऱ्यावर अडखळला. दोन्ही एका पारड्यात घालू नका.

आणि राहिलेली चार वर्षंही बघा. 1994 ला अर्नहार्ट 444 गुणांनी पुढे. 1998 ला मार्टिन सात शर्यती जिंकला, पण जेफ गॉर्डन तेरा जिंकून बसला होता. 2002 ला टोनी स्टुअर्ट 38 ने. त्या वर्षी रॉकिंगहॅमला गाडीतल्या नियमबाह्य स्प्रिंगवरून मार्टिनचे 25 गुण कापले होते, ते परत दिले तरी पुरत नाहीत. 2009 ला जिमी जॉन्सन 141 ने. यात दुर्दैव कुठे आहे? समोरचा सरस होता, बस्स.

शार्लटकर

इकडे नॉर्थ कॅरोलिनात राहतो, नॅसकारचे बहुतेक कारखाने तासाभराच्या अंतरात. कारबुरा यांचे आकडे खरे, पण 1998 नुसत्या आकड्यांत मांडणं जिवावर येतं. त्या ऑगस्टमध्ये नेवाडात विमान कोसळून मार्टिनचे वडील, सावत्र आई आणि सावत्र बहीण गेली. दोन आठवड्यांनी ब्रिस्टलला तो जिंकला. ब्रिस्टल म्हणजे अर्ध्या मैलाचं वाडगं. पाचशे फेऱ्या, श्वास घ्यायला सरळ रस्ताच नाही.

दुसरं, त्याची सुरुवात विसरतोय आपण. विशीत स्वतःची गाडी घेऊन वरच्या मालिकेत आला, 1982 ला पूर्ण मोसम धावला. पुरस्कर्त्याचे पैसे आले नाहीत आणि सगळं सामान लिलावात गेलं. परत मिडवेस्टच्या एएसए या खालच्या मालिकेत जाऊन धावायचं! तिथून 1988 ला जॅक राउशच्या नव्या संघात. अशा जागेवरून परतलेले किती जण दाखवाल? पन्नाशीला पोचल्यावर 2009 मध्ये त्याने पाच शर्यती जिंकल्या. अंगात रग होती. वजनं उचलून, पथ्य पाळून शरीर राखणं ड्रायव्हरचं काम आहे, हे त्या गल्लीत रुजवण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

मधलीलेन

2007 ची डेटोनाची शर्यत मात्र खरं दुखणं. शेवटची फेरी, मार्टिन पुढे. मागे गाड्या एकमेकींवर आदळतायत, क्लिंट बॉयर उलटी झालेली पेटती गाडी घेऊन रेषा ओलांडतोय, आणि पिवळा झेंडा काही पडत नाही. पडला असता तर त्या क्षणी जो पुढे तोच विजेता. झेंडा आला तोवर केविन हार्विक 0.02 सेकंदाने पुढे गेला होता. मार्टिनने आकांडतांडव केलं नाही. मी असते तर नियंत्रण कक्षाची काच फोडली असती.

कारबुरा

हेच तर! त्याच वर्षी, त्या शर्यतीनंतर चार आठवड्यांनी अटलांटा संपलं तेव्हा गुणतक्त्यात पहिला कोण होता? मार्टिन. पुढचं ब्रिस्टल तो धावलाच नाही. का? तर मोसमात निवडक शर्यती धावायचं आधीच ठरवलं होतं म्हणून. तक्त्यात वर असताना सुट्टीवर जाणारा माणूस! अर्नहार्ट प्लास्टर घालून आला असता.

घाटवळण

मला तोच प्रसंग माझ्या बाजूचा वाटतो. पंचवीस वर्षं जो तक्ता मानगुटीवर बसला, तो त्याने खांद्यावरून उतरवून ठेवला. गुण मिळतायत म्हणून ठरवलेलं बदललं नाही.

कारबुरा

आणि दोन वर्षांनी हेन्ड्रिक संघाच्या गाडीत पुन्हा पूर्ण मोसम धावला. उतरवून ठेवलेलं ओझं परत कशाला उचललं मग? हवं होतं म्हणूनच ना?

अवांतरखातं

अवांतर: नॅसकारमध्ये आपला नारायण कार्तिकेयनही धावला होता, 2010 ला ट्रक मालिकेत. त्या वर्षी त्या मालिकेतला सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हरही ठरला. चालू द्या.

शार्लटकर

हवं होतं यात वाद नाही. हवं असणं आणि मिळणं यांतलं अंतर कशाने मोजायचं हा प्रश्न आहे. 2017 ला त्याला इथल्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. मत देणाऱ्यांत जुने ड्रायव्हर, मालक होते. त्यांना कोष्टक आपल्यापेक्षा चांगलं पाठ असणार.

कारबुरा

हॉल ऑफ फेमचं म्हणाल तर ज्युनियर जॉन्सन पहिल्याच तुकडीत आहे. ड्रायव्हर म्हणून 50 विजय, विजेतेपद नाही. पण तो कधी सगळ्या शर्यती धावलाच नाही, गुणांच्या मागे लागलाच नाही. त्याच्याबद्दल "विजेतेपद नाही" हे वाक्यच गैरलागू आहे. मार्टिन वर्षानुवर्षं त्यासाठीच धावला. म्हणून मी त्याला पहिल्या वीसात घेतो, पहिल्या दहात नाही.

घाटवळण

वीसात घेतलंत, इथवर आलात हेही काही कमी नाही. पण मग सांगा, एका विजयाचा केनसेथ-मोसम आणि मार्टिनचं सात विजयांचं 1998, यांतलं कुठलं वर्ष तुम्ही स्वतःसाठी निवडाल?

कारबुरा

केनसेथचं. डोळे झाकून.

मधलीलेन

मी 1998. आणि कारबुरा, 2003 हे केनसेथचं सर्वांत चांगलं वर्षही नव्हतं. 2013 मध्ये तो सात जिंकला आणि दुसरा आला.